आधी एक बट, मग सगळं डोकं

कंगव्यात अडकलेला एक लांब केस घ्या. तो पाण्यात भिजवा, पेन्सिलीभोवती घट्ट गुंडाळा, टोकं चिकटपट्टीने बसवा आणि पूर्ण सुकू द्या. सोडवल्यावर केसाला छान वळण आलेलं दिसेल. आता त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका. वळण ओसरेल आणि केस पुन्हा होता तसा होईल. नवी केशरचना नुसती करून पाहायची की कायमची करून घ्यायची, हे ठरवताना जे शास्त्र उपयोगी पडतं, ते याच प्रयोगात आहे.

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या लांबलचक साखळ्यांना एकत्र धरून ठेवणारे दोन प्रकारचे बंध इथे महत्त्वाचे. पहिले हायड्रोजन बंध. एकेकटा बंध दुबळा, पण त्यांची संख्या अफाट. केसात पाणी शिरलं की यातले बरेचसे सुटतात. केस सुकताना ते नव्याने जुळतात आणि त्या वेळी केस ज्या आकारात असेल तो आकार पकडून ठेवतात. ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी लाटा दिसतात, त्या यामुळेच. ब्लो ड्राय आणि इस्त्रीही मुख्यतः याच बंधांशी खेळतात.

हे बंध हवेतल्या दमटपणालाही दाद देतात. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी माणसाच्या केसावर चालणारा आर्द्रतामापक बनवला आणि 1783 मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. अगदी कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत आणलेला केस सुमारे दोन टक्क्यांनी लांबतो. तेवढी हालचाल काटा फिरवायला पुरते. मुंबईत जुलैमध्ये इस्त्री करून सरळ केलेले केस स्टेशनपर्यंत पोचेपर्यंत कुरळायला लागतात, त्याचं कारणही हेच.

दुसरे डायसल्फाइड बंध, म्हणजे शेजारशेजारच्या साखळ्यांमधल्या गंधकाच्या दोन अणूंची जोडी. हे बंध पाण्याला जुमानत नाहीत. ते तोडायला रसायन लागतं. कार्ल नेस्लर यांनी 1906 मध्ये लंडनमध्ये अल्कधर्मी लेप आणि विजेवर तापणाऱ्या सळ्या वापरून केसांना टिकाऊ वळण देऊन दाखवलं. पुढे थायोग्लायकोलेट वर्गातली रसायनं आली आणि तापत्या सळ्यांची गरज उरली नाही. आजच्या पर्मिंगमध्ये आणि रिबॉन्डिंगमध्ये मूळ क्रिया एकच असते. आधी गंधकाचे बंध तोडायचे, केसाला हवा तो आकार द्यायचा आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या द्रव्याने ते बंध नव्या जागी जुळवायचे. असा केस धुऊन पूर्ववत होत नाही. मुळातून येणारा नवा केस मात्र जुन्याच वळणाचा असतो, कारण वळण ठरतं ते त्वचेखालच्या केशकूपात. म्हणजे पुढचे कित्येक महिने डोक्यावर दोन तऱ्हांचे केस वागवावे लागतात.

म्हणून माझा आग्रह आहे, की जे रसायनाने कायमचं करायचं आहे ते आधी पाण्याने करून पाहा. सरळ केस हवे असतील तर ब्लो ड्राय करून निदान दोन-तीन दिवस तसे वावरा. ओल्या केसांवर मात्र इस्त्री फिरवू नका. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि केस तिथेच तुटतो.

रंगाचंही असंच आहे. तात्पुरत्या रंगाचे रेणू मोठे असतात. ते केसाच्या बाहेरच्या खवल्यांवर बसतात आणि धुतले की जातात. कायमच्या रंगात अमोनियासारखं द्रव्य केस फुगवून खवले उघडतं, पेरॉक्साइड मूळचा रंग फिका करतं आणि आत शिरलेले छोटे रेणू एकमेकांशी जुळून मोठे होतात. मग ते बाहेर पडू शकत नाहीत. नेमका रंग कसा उतरेल हे केसाच्या जाडीवर, मूळ रंगावर आणि आधी काय काय लावलं आहे त्यावर ठरतं. काही मेंदी पावडरींत धातूंचे क्षार मिसळलेले असतात आणि पेरॉक्साइडशी त्यांचा संयोग केसाची वाट लावतो. त्यासाठी मानेवरची, आतली एक बट रंगवून, धुऊन, सुकवून दिवसाच्या उजेडात पाहायची.

बटेवरची चाचणी ॲलर्जी दाखवत नाही. त्यासाठी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून 48 तास थांबावं लागतं, कारण ही प्रतिक्रिया उशिरा उमटते. बऱ्याच कायमच्या गडद रंगांत पॅरा-फिनिलीनडायअमाइन, म्हणजे पीपीडी असतं. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पावडरींतही ते असतं. शुद्ध मेंदी केस काळे करत नाही, तांबूस करते. आधी कधी त्रास झाला नाही म्हणून पुढेही होणार नाही, असं इथे धरून चालता येत नाही. वारंवारच्या वापरानेही शरीर संवेदनशील होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा रंग लावणं म्हणूनच मला फार धोक्याचं वाटतं. सुजलेल्या पापण्यांनी कुणी बोहल्यावर उभं राहू नये.

कात्रीला तर चाचणीची बटही पुरत नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. पंधरा सेंटिमीटर कापले तर भरून यायला वर्ष सहज जातं. आखूड केसांचा अंदाज घ्यायला ते आत दुमडून पिना लावता येतात, पुढे क्लिपची झुलपं लावता येतात. मोबाइलमधली ॲप चेहऱ्यावरचे ठरावीक बिंदू ओळखून त्यावर नवे केस चढवतात. लांबी आणि रंग ताडून पाहायला ती ठीक आहेत, पण तुमचा केस किती जाड आहे, भोवरा कुठे आहे, हे त्यांना कळत नाही.

शेवटची चाचणी आपल्या नजरेची. मिता, डर्मर आणि नाइट या मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना स्वतःचा आरशातला, म्हणजे उलटा चेहरा जास्त पसंत पडला. त्यांच्या मैत्रिणींना मात्र सरळ फोटोतला आवडला. ज्याला जे पाहायची सवय, त्याला ते बरं वाटलं. नुसता भांग एका बाजूचा दुसरीकडे नेला तरी पहिल्या दिवशी चेहरा परका वाटतो, तो यामुळे. तेव्हा पहिल्या तासातल्या नापसंतीवर विसंबू नका आणि पहिल्या तासातल्या उत्साहावरही नको. तात्पुरता बदल चार दिवस अंगवळणी पडू द्या. त्यानंतरही तो हवासा वाटला, बट मनासारखी उतरली आणि 48 तासांनी त्वचा स्वच्छ राहिली, तर पार्लरची वेळ खुशाल घ्या. एवढं थांबायला जे पार्लर तयार नसेल, तिथे डोकं देऊ नका.