मागे राहिलेल्यांची शाळा आणि तिचा निकाल

आपल्याकडे शाळा सुटलेला मुलगा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसतो, किंवा दिवसा काम धरून रात्रशाळेत जातो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात अशा मुलांसाठी १९१९ पासून एक वेगळी व्यवस्था आहे, कंटिन्युएशन हायस्कूल. आज आपण तिथला अभ्यास आणि निकाल समजून घेऊ. निकालावर जरा जास्त थांबू, कारण खरा गोंधळ तिथंच आहे.

कॅलिफोर्नियात अठराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं आहे. सोळा पूर्ण झालेल्या, पण मागे पडलेल्या मुलांना या शाळेत आठवड्याला किमान १५ तास हजेरी लावावी लागते. म्हणजे दिवसाला साधारण तीन तास. उरलेल्या वेळात कोणी काम करतं, कोणी धाकट्या भावंडांना सांभाळतं, कोणी तर स्वतःच्या बाळाला.

आता मागे पडणं म्हणजे काय, ते बघा. तिथं मुलगा अख्ख्या वर्षात नापास होत नाही, विषयात होतो. पास झालेल्या प्रत्येक विषयाचे एका सत्राला बहुधा ५ क्रेडिट मिळतात. समजा, डिप्लोमाला २२० क्रेडिट लागतात आणि अकरावीच्या शेवटी मुलीकडे १०० आहेत. नेहमीच्या शाळेत सहा तासिका धरल्या तर वर्षाला ६० मिळणार. एक वर्ष उरलंय आणि हवेत १२०! कितीही अभ्यास केला तरी हा हिशेब जुळत नाही. कंटिन्युएशन शाळेत मात्र सत्र संपायची वाट बघावी लागत नाही, काम पूर्ण होईल तसं क्रेडिट पदरात पडतं. वर्गही लहान असतात. (या वेगात शिकणं किती आणि नुसत्या वर्कशीट भरणं किती, ही शंका रास्त आहे. आम्हालाही आहे.)

आणि निकाल? तो कमीच दिसतो. सरकारी हिशेब असा, की नववीला आलेल्या मुलांपैकी चार वर्षांत किती जणांनी डिप्लोमा मिळवला. पण मूल मधेच शाळा बदलतं तेव्हा ते नव्या शाळेच्या खात्यात जातं. म्हणजे नापासाचे धडे मोठ्या शाळेत, आकडा मात्र छोट्या शाळेच्या नावावर. मोठ्या शाळेचा टक्का आपोआप सुधारतो. राज्यानं हे ओळखून पर्यायी शाळांना वेगळा दर्जा दिला, काही मापंही बदलली. तरी वर्तमानपत्रातल्या तक्त्यात दोन्ही शाळा शेजारीशेजारीच छापल्या जातात! आमच्या मते विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: मूल इथं आलं तेव्हा त्याच्याकडे किती क्रेडिट होते आणि जाताना किती?

एक अडचण मात्र मोजमापाची नाही, खरीच आहे. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेशाला ठरावीक १५ विषय लागतात, त्यात परदेशी भाषा आणि प्रयोगशाळेचं विज्ञान आलं. छोट्या शाळेत हे सगळं बहुधा मिळत नाही. त्यामुळे डिप्लोमा हातात येतो, पण पुढची वाट बहुतेकांसाठी कम्युनिटी कॉलेजातून जाते. म्हणून कोणी मुलाला तिकडे सक्तीनं पाठवत असेल, तर पालकांना लेखी सूचना मिळायला हवी आणि बदलीआधी बैठक मागता येते. त्या बैठकीत क्रेडिटइतकंच या १५ विषयांबद्दलही विचारावं.