छत शाबूत, कार्पेट चिंब

रात्रभर पाऊस पडून गेलेला. टपाच्या आतल्या बाजूवर हात फिरवावा तर ती कोरडी ठणठणीत, आणि सीटच्या मागे हात घालावा तर कार्पेटमधून पाणी निथळतंय. जुनी, कापडी टपाची उघडी गाडी बाळगणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हे कोडं कधी ना कधी येतंच. त्यावरचा पहिला उपायही ठरलेला असतो: सिलिकॉनची ट्यूब आणायची आणि दिसेल ती फट बुजवायची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

कापडी टप पाणी बाहेर ठेवतो, ही समजूतच अर्धी खरी आहे. बरंचसं पाणी तो मुद्दाम आत घेतो.

माझदाची एमएक्स-५ पाहा. हिरोशिमाच्या या कंपनीने १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही छोटी दोन सीटांची गाडी लोकांपुढे आणली. २०१६ साली तिचा आकडा दहा लाखांवर गेला. पहिल्या पिढीच्या गाडीत टप हातानेच मागे टाकायचा, आणि मागची काच प्लॅस्टिकची, चेन लावलेली. टपावरून मागे ओघळलेलं पाणी बॉडीवरून बाहेर पडत असेल, असं वाटतं. तसं होत नाही. कापडाची मागची कड जिथे पत्र्याला भेटते, तिथे पाणी आत सरकतं आणि खाली लपवलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीत पडतं. कौलारू घराच्या पागोळ्या झेलणारी पन्हळच ती, फक्त बाहेर टांगण्याऐवजी गाडीच्या पोटात दडवलेली. पन्हळीतून पाणी दोन्ही कोपऱ्यांकडे जातं. तिथे सीटबेल्टच्या खांबामागे एकेक भोक, भोकाखाली नळी, आणि नळीचं तोंड मागच्या चाकाच्या पुढे, गाडीच्या तळाशी. घडी होणारं कापड आणि न हलणारा पत्रा यांचा सांधा कायमचा घट्ट राहणं अवघड, हे ओळखून पाण्याला आधीच वाट काढून दिलेली आहे. मला ही युक्ती इंजिनापेक्षाही जास्त आवडते.

आता हिशोब करा. एक चौरस मीटर छतावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लिटर पाणी. ते सगळं जायचं दोन लहानशा भोकांतून. तिथे सुकलेली पानं, धूळ आणि टपाचे झिजलेले तंतू मिळून चिखलाचं बूच बसवतात. मग पन्हळ काठोकाठ भरते आणि पाणी सीटमागे उतरतं, नाहीतर दाराखालच्या पोकळ पत्र्यात साचून आतून गंज धरतं. ब्रिटनमधल्या जुन्या एमएक्स-५ दाराखाली, मागच्या चाकाजवळ कुजलेल्या दिसतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. १९९६ मध्ये आलेल्या पोर्शे बॉक्स्टरमध्ये तर अलार्मची इलेक्ट्रॉनिक पेटी सीटखाली आहे. तिथल्या निचऱ्याच्या नळ्या तुंबल्या की एवढ्याशा पाल्यापाचोळ्याने महागडी पेटी बुडते.

तेव्हा ट्यूबआधी पेलाभर पाणी घ्या. भोकात हळूहळू ओता आणि कुणाला तरी गाडीखाली बघायला सांगा. धार लगेच पडली तर ठीक. थेंब थेंब येत असेल तर गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी अलगद आत सरकवा. ताठ तार नको, आणि कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नको. आतली नळी जागेवरून निसटली, तर त्यानंतरचा प्रत्येक पाऊस सरळ गाडीच्या आत.

नळ्या मोकळ्या आणि तरीही ओल येते? मग कापडाकडे वळा. चांगल्या कापडी टपात वर विणलेलं कापड, खाली विणलेलं कापड आणि मधे रबराचा थर असतो. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली जलरोधक कापडासाठी पेटंट घेतलं, ते याच रचनेचं. पाणी खरं अडवतो तो मधला थर; वरच्या कापडाचं काम थेंब गोळा ठेवून घरंगळवायचं. ते जमतं पाण्याच्या पृष्ठताणामुळे, आणि साबण नेमका तोच मोडतो. म्हणून भांड्यांच्या साबणाने टप घासून नीट न धुता सोडला, तर चकचकीत टप आधीपेक्षा जास्त भिजतो. शिवणीची गोष्ट वेगळी. सुईचं प्रत्येक छिद्र रबराच्या थरातूनही आरपार जातं आणि दोरा त्यातून पाणी आत ओढतो. शिवणीला बाहेरून सीलर लावणं मात्र रास्त.

उभ्या गाडीत टिपूस नाही आणि हायवेवर काचेच्या वरच्या कडेतून गुडघ्यावर थेंब, ही वाऱ्याची करामत. ताशी १०० किलोमीटरला समोरच्या हवेचा दाब साधारण ४६० पास्कल भरतो, म्हणजे पावणेपाच सेंटिमीटर उभ्या पाण्याइतका. त्याच वेळी छतावरून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होऊन टप वर फुगतो, आणि कडेच्या रबरी पट्टीवरची, म्हणजे बीडिंगवरची, पकड सैल पडते. कागदाची पट्टी बीडिंगमध्ये दाबून टप लावा आणि ओढून बघा. सहज सुटली, तर गळती तिथेच. नवं रबर घेण्याआधी टपाच्या कुलुपाचा आकडा घट्ट करता येतो का पाहा. बीडिंग पुसून सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियमचं ग्रीस या रबराला फुगवून खराब करतं.

आणि थेंब जिथे दिसतो तिथे भोक शोधू नका. पाणी टपाच्या लोखंडी सांगाड्याला चिकटून हातभर प्रवास करतं आणि भलतीकडे पडतं. म्हणून पाइपाने पाणी मारायचं ते खालून वर, मंद धारेने, आणि आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळ्याच सांध्यांवरून वाहतं आणि चोर कोण ते कळत नाही. शिवाय ब्रेक दाबल्यावर सीटमागचं डबकं पुढे येतं, म्हणून पुढच्या बीडिंगवर उगाच आळ येतो.

गळती सापडली तरी कार्पेट उचलल्याशिवाय सुटका नाही. वरचा थर दोन दिवसांत वाळतो. त्याखालचा फोम मात्र पाणी धरून पत्र्याला चिकटून राहतो. तो बाहेर काढून पिळायचा, उन्हात टाकायचा आणि उघड्या पडलेल्या पत्र्यावर गंज कुठे धरलाय ते पाहायचं.