जिंकणारा घोडा, परवडणारा घोडा

सक्करदऱ्यात भोसल्यांचा वाडा आहे, तलाव आहे, रेसकोर्स मात्र नाही. ज्या नागपूरकर भोसल्यांचं घोडदळ अठराव्या शतकात बंगालपर्यंत धडक मारून येत होतं, त्यांच्या शहरातून आज रेस पाहायला निघायचं तर सगळ्यात जवळचं मैदान हैदराबादचं मलकपेठ, रस्त्याने सुमारे पाचशे किलोमीटर. महाराष्ट्रातली दोन्ही मैदानं, पुण्याचं आणि मुंबईतलं महालक्ष्मीचं, त्याहूनही लांब. त्यामुळे विदर्भातल्या माणसाच्या ओळखीची शर्यत म्हणजे शंकरपट. तळेगाव दशासरसारख्या पटावर बैलांची जोडी सुटते, धुरकरी ती हाकतो, वेळ सेकंदात मोजली जाते आणि कमी वेळात पोचेल ती जोडी जिंकते. तिथे अंदाज बांधायचा तर मागच्या पटाला कोणी किती सेकंद घेतले हे विचारलं की निम्मं काम झालं. हीच सवय घेऊन महालक्ष्मीला गेलेला माणूस गोंधळतो. कारण तिथल्या बहुतेक रेसमध्ये सगळ्यात वेगवान घोडा सहजासहजी जिंकू नये, अशीच रचना मुद्दाम केलेली असते.

या रचनेचं नाव हँडिकॅप. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या ॲडमिरल राउस यांनी तिला पद्धतशीर रूप दिलं आणि ब्रिटिशांबरोबर ती इथे आली. क्लबचा हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून रेटिंग देतो. रेटिंगनुसार वर्ग पडतात. ४० ते ६६ रेटिंगच्या घोड्यांची रेस, अशा प्रकारे कार्डावर छापलेलं असतं. रेटिंगचा एक गुण म्हणजे पाठीवर अर्धा किलो. जॉकीचं वजन कमी भरलं तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालून ते पुरं करतात. म्हणजे एकाच रेसमध्ये वरचा घोडा तळच्या घोड्यापेक्षा दहा-बारा किलो जास्त घेऊन पळू शकतो. मागच्या महिन्यात आरामात जिंकलेल्या घोड्याचं रेटिंग आता वाढलेलं असतं, सलग हरलेल्याचं उतरलेलं असतं. हँडिकॅपरची मनातली इच्छा अशी की सगळे घोडे एकाच वेळी खांबाशी पोचावेत. तेव्हा रेसकार्ड वाचताना ‘कोणता घोडा चांगला?’ हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी ठरतो. त्याचं उत्तर हँडिकॅपरने आधीच वजनात घालून टाकलेलं असतं. विचारायचं ते एवढंच, की या अधिकाऱ्याचा अंदाज आज कुठे चुकला असेल? तो चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. फार थोडं पळालेला तरुण घोडा रेटिंगपेक्षा झपाट्याने सुधारत असतो. एखादा जुना घोडा न मानवणाऱ्या अंतरावर तीन-चारदा पळवल्याने रेटिंगमध्ये खाली आलेला असतो आणि आज त्याला त्याचं हक्काचं अंतर परत मिळालेलं असतं. शिकाऊ जॉकीला मिळणारी वजनाची सवलतही पाहावी, कारण काही शिकाऊ पोरं त्या सवलतीच्या लायकीची उरलेली नसतात: ती अनुभवी जॉकींइतकंच चांगलं पळवतात आणि वजन मात्र कमी घेऊन जातात.

क्लासिक रेसचं गणित वेगळं. फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीला होणाऱ्या इंडियन डर्बीत हँडिकॅप नसतो. नर घोडे ५७ किलो घेतात, माद्यांना दीड किलोची सूट मिळते. इथे चांगला घोडा कोणता हा प्रश्न पुन्हा कामाचा होतो, फक्त त्याला एक शेपूट जोडावं लागतं: २४०० मीटरपर्यंत चांगला कोणता? त्याआधी डिसेंबरात गिनीज ही क्लासिक रेस होते, ती १६०० मीटरची. भारतात रेसच्या सगळ्या घोड्यांचं वय १ जानेवारीला वाढतं, म्हणून गिनीजमधला तीन वर्षांचा घोडा डर्बीत चार वर्षांचा म्हणून उतरतो, पण प्रत्यक्षात मध्ये काही आठवडेच गेलेले असतात. गिनीजच्या विजेत्यावर डर्बीत पैसे लावणारे हे आठशे मीटर विसरतात. बाप कोण, त्याची पिल्लं लांब अंतरावर टिकतात की मैलाच्या आसपास दम सोडतात, आईच्या बाजूला काय आहे, ही वंशावळ चाळण्याचा खरा उपयोग इथे आहे. १९४३ च्या पहिल्या डर्बीत प्रिन्सेस ब्यूटिफुल ही घोडी जिंकली, तेव्हा दीड किलोची सूट मिळणाऱ्या घोडीला आधीच मोडीत काढू नये.

जमिनीकडे तर नवखा माणूस पाहतच नाही. पुण्याचा हंगाम पावसाळ्यात येतो, मुंबईचा नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. क्लब रेसच्या दिवशी पेनेट्रोमीटरचं माप जाहीर करतो. हे उपकरण मातीत किती खोल रुतलं यावरून जमीन मऊ की घट्ट ते कळतं. पुण्याच्या भिजलेल्या मैदानावर मागे पडलेला घोडा मुंबईच्या कोरड्या मैदानावर वेगळाच पळू शकतो, आणि उलटही होतं. मागच्या पाच रेसचे आकडे पाहताना त्यातल्या किती पुण्याच्या चिखलातल्या होत्या हे पाहिलं नाही, तर ते आकडे वाचले काय, न वाचले काय!

ज्यांना हे सगळं किचकट वाटतं, ते टिप शोधतात. त्यांचा युक्तिवाद सोपा आहे: कागदावर काहीही असो, आत काय चाललंय ते ट्रेनरला माहीत, घोडेवाल्याला माहीत, मालकाला माहीत. यात थोडं तथ्य आहे. आपल्याकडे घोडा पारखण्याची जुनी विद्या होती. अंगावरच्या भोवऱ्यांवरून त्याचे गुण-अवगुण आणि मालकाचं नशीबसुद्धा सांगत. भोवऱ्याच्या तुलनेत आजच्या घोडेवाल्याची माहिती खूपच भरवशाची. पण ती एका तबेल्यापुरतीच असते. आपला घोडा कधी नव्हे इतका तयार आहे, हे ट्रेनरला नक्की कळतं. शेजारच्या तबेल्यातला त्याहून तयार आहे की नाही, हे त्यालाही रेसनंतरच कळतं. शिवाय सकाळच्या सरावाच्या आणि मॉक रेसच्या वेळा छापून येतात, त्यामुळे गुपितातला बराच भाग गुपित राहत नाही. उरलेलं गुपित खरं असेल तर तबेल्याचे पैसे त्या घोड्यावर पडतात आणि त्याचा भाव, म्हणजे जिंकल्यास मिळणारा परतावा, घसरतो. टिप तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर तिची किंमत भावाने वसूल केलेली असते. आतल्या माहितीचा खरा जोर पहिल्यांदाच पळणाऱ्या पिल्लांच्या रेसमध्ये असतो, कारण तिथे बाहेरच्याकडे वाचायला काहीच नसतं. म्हणून अशा रेस पाहाव्यात आणि सोडून द्याव्यात. दिवसभरात सात-आठ रेस असतात म्हणून सात-आठ अंदाज बांधलेच पाहिजेत, असं कुठे आहे?

दुसरा आक्षेप नेमका उलट्या बाजूने येतो: हा सगळा नशिबाचा खेळ, अभ्यास म्हणजे मनाची समजूत. याला सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी १९९६ रोजी उत्तर दिलं. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू या खटल्यात प्रश्न मद्रास रेस क्लबचा होता आणि राज्याला घोड्यांच्या शर्यती जुगाराच्या कायद्याखाली आणायच्या होत्या. घोड्याचा वंश, तालीम, फॉर्म, जॉकीचं कसब हे सगळं तपासून अंदाज बांधता येतो, म्हणून यात कौशल्याचा भाग मोठा आहे आणि हा जुगार ठरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. आकडेही याच बाजूचे आहेत. इंग्लंड-अमेरिकेतल्या लांबच्या नोंदी सांगतात की लोकांच्या पहिल्या पसंतीचा घोडा साधारण तीनपैकी एक रेस जिंकतो. दहा-बारा घोड्यांतून डोळे मिटून एक उचलला तर याच्या जवळपासही पोचता येणार नाही. तेव्हा जिंकणारा घोडा अभ्यासाने निवडता येतो. वाद इथे संपायला हवा होता, पण खरी अडचण इथेच सुरू होते.

हे तीनास एकचं यश गर्दीचं आहे. शेकडो लोक कार्ड वाचतात आणि त्या सगळ्यांचं मत भावात उतरतं. तुम्ही तासभर बसून शोधलेला घोडा बहुधा सगळ्यांनीच शोधलेला असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर. एम. ग्रिफिथ यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलं की लोक एकच चूक सतत करतात: ‘एकाला पन्नास’सारखा लांबचा भाव असलेल्या घोड्यांवर गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात आणि पहिल्या पसंतीच्या घोड्यांना थोडं कमी लेखतात. मग डोळे झाकून पहिली पसंतीच का घेऊ नये? हिशेब करून पाहू. टोटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या पैजा एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटण्याच्या पद्धतीत, क्लब आपला हिस्सा आधी काढतो, पण तो तूर्त बाजूला ठेवू. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेसच्या पैजेवर ४० टक्के जीएसटी आहे. आधी तो २८ टक्के होता आणि तो पैजेच्या पूर्ण रकमेवर लागतो. म्हणजे १०० रुपयांच्या पैजेला खिशातून १४० जातात असं धरा. तीन रेसमध्ये पहिल्या पसंतीवर लावले: खर्च ४२०. त्यातली एक लागली आणि भाव एकाला दोन, म्हणजे तीनास एक संधीचा अगदी रास्त भाव, तर हातात येतात ३००. निवड एकदम बरोबर, तोटा १२०. मोठी रक्कम जिंकली तर १० हजारांच्या वर ३० टक्के आयकर आधीच कापला जातो, आणि हरलेल्या पैजा जिंकलेल्या रकमेतून वजा करता येत नाहीत.

यावर हुशार पंटर बिल बेंटरचं नाव काढतो. या अमेरिकी माणसाने १९८० च्या दशकात हाँगकाँगला जाऊन संगणकाच्या मदतीने रेसमधून प्रचंड पैसा केला आणि १९९४ मध्ये आपली पद्धत छापूनही टाकली. तो खरोखर जिंकला, यात शंका नाही. पण त्याचा निबंध वाचला तर दिसतं की घोड्यांच्या मागच्या कामगिरीचा त्याचा हिशेब एकटा पुरेसा पडत नव्हता. लोकांनी पैशांनी ठरवलेला भाव त्याने त्यात मिसळला तेव्हाच तो खऱ्या अर्थाने उपयोगी ठरला. गर्दीला मूर्ख समजून नव्हे, गर्दीचं म्हणणं आधी मान्य करून त्यावर थोडीशी भर घालून तो कमावत होता. हाँगकाँगच्या टोटची कपात साध्या पैजांवर त्या काळी २० टक्क्यांच्या आत होती, त्यात ती थोडीशी भर टिकायची. ४० टक्क्यांच्या कराखाली तिचा मागमूस राहणार नाही.

इथे सरकारचं म्हणणं आणि न्यायालयाचं म्हणणं एकमेकांना छेद देतात. न्यायालयाच्या लेखी रेस कौशल्याची, कराच्या कोष्टकात ती लॉटरीच्या ओळीत, त्याच ४० टक्क्यांवर. ज्याला हिशेब येतो तो या भावाला पैज लावणार नाही. लावेल तो ‘एकाला पन्नास’चं स्वप्न पाहणारा, ज्याला ४० टक्के तसेही दिसत नाहीत. आणि जो हिशेबही करतो आणि लावल्याशिवाय राहतही नाही, त्याला बिगरपरवाना बुकीकडे वळण्याचा मोह होतो, जिथे कर नाही, पण कायदाही पाठीशी नाही आणि जिंकलेले पैसे मिळतील याची हमीही नाही. सक्करदऱ्यात बसून डर्बीचं कार्ड वाचणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही. वजनं, अंतर, वंश, जमीन पाहून तीन घोडे निवडावेत, प्रत्येकाला किती भाव मिळाला तर तो परवडेल हे शेजारी पेन्सिलीने लिहावं आणि रेस सुटायच्या आधी खरा भाव त्याच्याशी ताडून पाहावा. बहुतेक वेळा खरा भाव लिहिलेल्यापेक्षा कमीच निघेल.