लांबच्या घराला व्यवस्थापक हवा का?

पुण्यात राहून शिरूर किंवा दौंड तालुक्यातील खोल्या भाड्याने देणाऱ्या घरमालकांना एक प्रश्न हमखास पडतो : तेथे पगारी माणूस नेमावा, की स्वतःच खेपा घालाव्यात? याचे उत्तर अंतरापेक्षा भाडेकरू किती वेळा बदलतात, यावर अवलंबून आहे.

रांजणगाव औद्योगिक वसाहतीमुळे कारेगाव परिसरात कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. कंत्राटी कामगाराचे काम सुटले, की खोली रिकामी होते. नवा भाडेकरू पाहायचा, थकलेले वीजबिल तपासायचे, तर नगर रस्ता गाठावा लागतो. शिरूरला रेल्वे नाही आणि वाघोली-शिक्रापूरची कोंडी सर्वांच्या परिचयाची आहे. दौंडचे तसे नाही. जंक्शन असल्याने रेल्वेने जाऊन त्याच दिवशी परतता येते. रेल्वे किंवा राज्य राखीव पोलिस दलातील भाडेकरू मिळाला, तर तो बहुधा बदलीपर्यंत हलत नाही. अशा एका सदनिकेसाठी व्यवस्थापक नेमणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

खोल्या अधिक असतील, तर हिशेब मांडावा. समजा, दहा खोल्यांचे प्रत्येकी ३,५०० रुपये भाडे आहे आणि माणसाला दरमहा ४,००० रुपये द्यायचे आहेत. वर्षाचे ४८,००० रुपये झाले. प्रत्येक खोली वर्षात सुमारे दीड महिना कमी रिकामी राहिली, तरच हा खर्च भरून निघेल. शिवाय घरभाड्याच्या उत्पन्नातून हा पगार प्राप्तिकरासाठी वेगळा वजा होत नाही. भरलेला स्थानिक कर वजा जाता उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. माणूस नेमला तरी तेवढीच.

कायद्याची जबाबदारीही त्याच्याकडे जात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जेथे लागू आहे, तेथे कलम ५५ नुसार लेखी करार नोंदवून घेणे घरमालकावर बंधनकारक आहे. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे अन्यथा सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरले जाते. व्यवस्थापकाने परस्पर साध्या कागदावर घेतलेली सही येथे उपयोगी पडत नाही. आता नोंदणी ऑनलाइन होत असल्याने हे काम दुसऱ्यावर सोपविण्याचे कारणही उरलेले नाही.

नेमणूक करायचीच, तर भाडे व अनामत थेट आपल्या बँक खात्यात जमा व्हावी. त्याच्याकडे किल्ल्या आणि किरकोळ दुरुस्ती द्यावी, खर्चाची मर्यादा लिहून ठेवावी. सर्वाधिकाराचे कुलमुखत्यारपत्र मात्र देऊ नये. मर्यादित अधिकारपत्र पुरते. पहिली नेमणूक सहा महिन्यांचीच करून, ती वाढविण्यापूर्वी कोणती खोली किती दिवस रिकामी होती, हे त्याच्याकडून तारखांनिशी मागवावे.