नांगराला दोरी किती सोडायची?

शिडाच्या बोटीचा मालक हातात पॉलिश पेपर घेऊन बोटीच्या पोटाखाली वाकला, की पाच मिनिटांत दुसरा एखादा बोटमालक त्याच्या पाठीमागे येऊन उभा राहतो. आधी काही बोलत नाही, नुसता बघतो. मग विचारतो, "कितीचा पेपर आहे?" ऐंशी म्हटलं तर साठ हवा होता. साठ म्हटलं तर, "एवढा खरबरीत? बोट घासतोयस की भिंत?" एवढं बोलून निघून जाईल तर शपथ. तिथेच रंगाचा रिकामा डबा उपडा घालतो आणि बसतो.

मुंबई बंदरात हे दृश्य पाऊस ओसरल्यावर दिसतं. नैर्ऋत्येचा वारा अंगावर यायच्या आत, मेअखेरपर्यंत, हौशी लोकांच्या बहुतेक बोटी पाण्याबाहेर काढलेल्या असतात. कोळ्यांच्या होड्या नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून कामाला लागतात. हौशी बोटी मात्र त्यानंतरही ताडपत्रीखाली लोळत असतात, आणि ऑक्टोबरच्या उन्हात मालकांना एकदम जाग येते. मी एका मित्राच्या पंचवीस फुटी बोटीवर क्रू म्हणून जातो, म्हणजे दोऱ्या ओढतो आणि बोलणी खातो. बोट माझी नसल्यामुळे बोटी ठेवायच्या या आवारात मला सल्ला द्यायचा अधिकार नाही. ऐकायचा आहे, तो मी भरपूर वापरतो.

आमच्या आसपासच्या चार-पाच बोटींचे मालक असे: एक दंतवैद्य, ज्यांची बोट जुनी, लाकडी आणि आवारातली सर्वांत देखणी. मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले एक चीफ इंजिनीअर, ज्यांना सगळे नुसतं 'चीफ' म्हणतात. एक सीए बाई. गेल्याच वर्षी बोट घेतलेला एक आयटीतला मुलगा. शिवाय मामा. मामा रायगडच्या किनाऱ्यावरचे, उमेदीची सगळी वर्षं मच्छीमार बोटीवर तांडेल म्हणून काढलेले. आता इथे देखरेखीला असतात. ते या सगळ्यांना 'नाखवा' म्हणून हाक मारतात, आणि त्या हाकेत आदर किती आणि गंमत किती, हे कोणालाच नक्की सांगता येत नाही.

पहिला वाद रंगाचा. बंदराच्या कोमट पाण्यात बोट नुसती उभी राहिली तरी बुडाला शेवाळ धरतं, आणि त्यावर बार्नकल, म्हणजे कवचवाले बारीक जीव, बसतात. बोट बाहेर आल्या आल्या, ओल्यातच खरवडली तर ते निघतात. वाळू दिले की छिन्नी घ्यावी लागते, आणि कवच निघालं तरी खाली पांढरं गोल कडं उरतंच. ही कडी घासून काढायची, खड्डे लांबीने भरायचे, प्रायमर मारायचा आणि मग तांब्याचा अंश असलेला अँटीफाउलिंग रंग. त्याचे दोन हात की तीन? सीए बाई दोनवाल्या. चीफ तीनवाले. डॉक्टर म्हणतात, सबंध बोटीला दोनच, पण पाण्याच्या रेषेवर आणि सुकाणूच्या पुढच्या कडेला तिसरा, कारण रंग आधी तिथे झिजतो. माझ्या मते हेच बरोबर आहे. पण डॉक्टरांना ते तसं मांडता येत नाही, कारण तोवर कोणीतरी विचारलेलं असतं, "डॉक्टर, खरवडायचे पैसे दाताप्रमाणे घेता की जबड्याप्रमाणे?"

या रंगातल्या तांब्याची एक जुनी फजिती चीफ दरवर्षी सांगतात. लाकडी जहाजांच्या बुडाला पूर्वी तांब्याचा पत्रा मारत. खाऱ्या पाण्यात तांबं झिजे, म्हणून ब्रिटिश आरमाराने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर हम्फ्री डेव्ही यांना उपाय विचारला. 1824 मध्ये डेव्हींनी दाखवून दिलं, की तांब्याला लोखंडाचा किंवा जस्ताचा तुकडा जोडला तर तो तुकडा झिजतो आणि तांबं शाबूत राहतं. झालंही तसंच. तांबं झिजायचं थांबलं आणि जहाजांची बुडं बार्नकलांनी भरून गेली. झिजणाऱ्या तांब्यातून पाण्यात उतरणारं विष हाच तर त्यांच्यावरचा उपाय होता! आरमाराला ते तुकडे काढावे लागले. डेव्हींची युक्ती वाया मात्र गेली नाही. आज बहुतेक बोटींच्या पंख्याच्या दांड्यावर जस्ताचा गोळा बसवलेला असतो, पंख्याच्या वाटची झीज तो स्वतःवर घेतो. चीफ हे सगळं सांगतात ते आयटीवाल्याला एवढंच सुचवायला, की बाबा, तू त्या जस्तावरसुद्धा रंग मारून ठेवला आहेस, आणि रंगाखालचं जस्त काही कामाचं नाही. थेट सांगितलं असतं तर दहा सेकंदांत झालं असतं. पण मुलगा ओशाळला असता. आता तो डेव्हींना हसला, मग आपल्या बोटीकडे बघून हसला आणि पॉलिश पेपर घेऊन खाली वाकला.

इथल्या थट्टेची रीत साधारण अशी. दुसऱ्याच्या बोटीला नाव ठेवणं म्हणजे घरच्या माणसाला नाव ठेवण्यासारखं, म्हणून दोष आधी दुसऱ्या कोणाच्या गळ्यात बांधायचा. तो दूरदेशीचा आणि दिवंगत असला तर उत्तम. तसा कोणी आठवला नाही तर दोष स्वतःवर घ्यायचा. "मी एकदा असंच केलं होतं" या वाक्याने सुरू झालेल्या निम्म्या हकिकती खोट्या असाव्यात, असा माझा संशय आहे. चीफसारख्या माणसाच्या हातून इतक्या चुका होणं शक्य नाही.

पैशांवरचे विनोद मात्र सगळे स्वतःवरच. बोट म्हणजे पाण्यातलं भोक, पैसे ओतायला केलेलं, हा जगभरच्या बोटमालकांचा विनोद इथेही चालतो. सीए बाईंची त्यात भर अशी, की त्या सगळ्यांचे हिशेब बघतात, स्वतःच्या बोटीचा लिहीत नाहीत. लिहिला तर विकावी लागेल.

सर्वांत जास्त वेळ जातो तो नांगरावर. आयटीवाल्याने नवा, महागातला नांगर घेतला होता आणि कौतुकाने सगळ्यांना दाखवत होता. चीफनी तो उचलून बघितला, मान डोलावली आणि विचारलं, "दोरी किती सोडतोस?"

मुलगा जरा थांबला. गेल्या मोसमात मांडव्याला नांगर टाकून रात्र काढायचा बेत त्याने केला होता. जाग आली तेव्हा झोपताना डाव्या हाताला असलेली जेटी उजव्या हाताला होती. नांगर चांगलाच होता, असं त्यावर डॉक्टर म्हणाले. बोट जिकडे गेली तिकडे इमानाने सोबत आला.

मग चीफनी रंगाच्या डब्याच्या झाकणावर पेन्सिलीने हिशेब मांडला. नांगर टाकला तेव्हा ओहोटी, पाणी तीन मीटर. त्यात बोटीच्या पुढच्या टोकाची, म्हणजे नाळेची, पाण्यापासूनची उंची मिळवायची, एक मीटर. झाले चार. सर्वसाधारण हवेत त्याच्या पाचपट दोरी, म्हणजे वीस मीटर. मुलाने वीसच सोडली होती, पुस्तकाप्रमाणे अगदी बरोबर. पण मुंबईत उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटर आणि वरही चढतं. मध्यरात्री तीनचे सात मीटर झाले, नाळ धरून आठ, आणि दोरी तीच वीस. पाचपटीची अडीचपट झाली. दोरी आडवी ओढली तर नांगर चिखलात रुततो, उभी ओढली तर उपटून निघतो. सगळा खेळ त्या कोनाचा आहे. म्हणून नांगराला लागून थोडी साखळी हवी, तिच्या वजनाने ओढ खाली राहते. आणि हिशेब नेहमी भरतीचा करायचा. चाळीस मीटर.

"आणि शेजारी दुसरी बोट असेल तर?" मुलाने विचारलं. चाळीस मीटर दोरीवर फिरायला तेवढी जागाही लागते. प्रश्न रास्त होता, आणि त्यावर अर्धा तास भांडण झालं. कुठल्या आकाराचा नांगर चिखलात बरा, हा फाटा त्यालाच फुटला. डॉक्टर जुन्या सीक्यूआर नांगराचे भक्त. शेतातल्या फाळाच्या आकाराचा हा नांगर 1933 मध्ये जी. आय. टेलर या केंब्रिजच्या भौतिकशास्त्रज्ञाने शोधला. द्रवांच्या प्रवाहावर जगाने प्रमाण मानावं असं काम केलेला हा माणूस स्वतः शिडाची बोट बाळगून होता, आणि तेव्हाचे अवजड नांगर उचलण्याचा त्याला कंटाळा आला होता. चीफना हे कौतुक मान्य आहे, नांगर मान्य नाही. मऊ चिखलात रुंद पात्यांचा डॅनफोर्थ, असं त्यांचं म्हणणं. मामा इतका वेळ बिडी ओढत बसले होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "नाखवा, नांगर कुठला पण टाका. पण झोपता कशाला?"

मासळीच्या बोटीवर रात्री एक माणूस जागाच असायचा. मामांचे सल्ले असे चार शब्दांचे असतात, आणि त्यांच्यामागे पोटापाण्याचा समुद्र असतो, शनिवार-रविवारचा नसतो. बाकीच्यांच्या सल्ल्यांत हौस फार, हे कबूल करायला हवं. घासण्याचं खरं काम बऱ्याच बोटींवर रोजंदारीची मुलं करतात, आणि मालक वादासाठी मोकळे राहतात.

इंजिनाबद्दल एकच. बंदराच्या पाण्यात प्लास्टिकच्या पिशव्या तरंगत असतात. एखादी पाणी खेचणाऱ्या तोंडावर बसली, की थंड पाणी बंद होतं आणि पंपातला रबरी इम्पेलर कोरडा फिरून काही मिनिटांत फाटतो. सुटा इम्पेलर बोटीवर असावा, यावर सर्वांचं एकमत आहे. आवारातलं माझ्या माहितीतलं हे एकमेव एकमत.

थट्टा कधी थांबते, तेही सांगायला हवं. आमच्या बोटीच्या डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा तपासायच्या होत्या. स्टेनलेस स्टीलच्या एकोणीस तारांना पीळ देऊन केलेली एकेक जाड तार. चीफनी डॉक्टरांच्या दवाखान्यातला कापूस मागवला, त्याचा बोळा तारेभोवती धरला आणि वरून खाली हलक्या हाताने ओढत आणला. दोन तारांवर तो गुळगुळीत उतरला. तिसरीवर, अगदी खाली, जिथे तार दाबून बसवलेल्या टोपणात शिरते, तिथे कापसाची एक शेव अडकली. चीफनी चश्मा वर केला. एकोणिसांतली एक तार तुटून तिचं टोक केसाएवढं बाहेर आलं होतं. टोपणाच्या आत खारं पाणी साठून राहतं आणि हवा पोचत नाही. हवा नसली की स्टेनलेससुद्धा गंजतं. बाहेरून ती तार चकचकीत होती.

कोणी विनोद केला नाही. डेव्ही नाहीत, "मी एकदा" नाही. चीफ माझ्या मित्राला म्हणाले, "ही अशी पाण्यात जाणार नाही." मित्र म्हणाला, एकच तर तुटलीय. चीफ म्हणाले, "दिसतेय ती एक." एका बाजूची तार बदलायची तर समोरच्या बाजूची जोडीची तारही बदलायची, हे त्यांनी सांगितलं आणि सीए बाईंनी तिथूनच तारवाल्याला फोन लावला. आमची बोट आठवडाभर मागे पडली. तो आठवडा आमची कोणी चेष्टा केली नाही, आणि खरं सांगायचं तर तेच जड गेलं.

डॉक्टरांच्या लाकडी बोटीची चेष्टा मात्र बारमाही. ती गळते. चार महिने कोरड्यात राहून फळ्या आक्रसतात, फटींत कापूस ठोकून वर लांबी भरली तरी पाण्यात उतरल्यावर लाकूड फुगेपर्यंत पाणी आत झिरपतच राहतं. डॉक्टरांचं यावरचं उत्तर ठरलेलं आहे: सुहेलीसुद्धा गळत होती. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने बत्तीस फुटांची ही सागवानी बोट इथेच, मुंबईत बांधून घेतली. 1968 मध्ये तो तिच्यातून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेच्या स्पर्धेत निघाला. स्पर्धेत उतरलेल्या नऊ जणांपैकी 22 एप्रिल 1969 रोजी परत पोचला तो एकटाच. वाटेत अटलांटिकमध्ये फळ्यांच्या सांध्यातून पाणी यायला लागलं, तेव्हा त्याने पाण्यात बुड्या मारून बाहेरून फटीत कापूस भरला आणि वर तांब्याची पट्टी ठोकली. मधे शार्क घिरट्या घालायला लागला, तर त्याला गोळी घातली. पुढे दर्यावर्दी अभिलाष टॉमींसाठी गोव्यात 'थुरिया' बांधली गेली ती या सुहेलीच्याच नमुन्यावर. डॉक्टर इथवर आले की चीफ विचारतात, "शार्कचं ठीक आहे रे, पण तू पाण्यात उतरणार आहेस का?"

बोट पाण्यात उतरवायला उधाणाची भरती धरतात, म्हणजे उताराच्या टोकापर्यंत पुरेसं पाणी मिळतं. डॉक्टरांची बोट दुपारी उतरली. तळाच्या फळ्या उचलून सगळे आत डोकावले. पाणी येत होतं, दरवर्षी येतं तेवढंच. पहिली रात्र कोणीतरी वर राहून ते उपसावं लागतं, म्हणून पाळ्या लावल्या. पहिली आयटीवाल्याची, त्याने मोबाईलवर गजर लावून मामांची बोलणी खाल्ली. दुसरी सीए बाईंची, त्या हिशेबाच्या फायली घेऊनच चढल्या. मध्यरात्रीनंतरची पाळी चीफची. ते आले ते स्वतःचा पंप काखोटीला मारून, कारण डॉक्टरांच्या पंपावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. हे त्यांनी डॉक्टरांना झोपेतून उठवून सांगितलं.