फोनची पारख

सांगली जिल्ह्यातील खरसुंडी येथे खिलार बैलांचा मोठा बाजार भरतो. बैल घ्यावयास आलेला जाणता शेतकरी पहिल्याच देखण्या जोडीपुढे पैशांची पिशवी उघडीत नाही. तो जनावराचे दात पाहून वयाचा अंदाज घेतो, खूर तपासतो, चार पावले चालवून बघतो. परंतु या साऱ्याच्या आधी, घरून निघतानाच, त्याने एका प्रश्नाचे उत्तर मनाशी ठरविलेले असते. बैल कशासाठी हवा आहे? कोरड्या, उघड्या मुलुखात वेगाने गाडी ओढावयाची असेल तर खिलारासारखा बैल नाही. पण इगतपुरी किंवा अकोले भागातील मुसळधार पावसात, भातखाचरांच्या चिखलात राबावयाचे असेल तर शेतकरी डांगी बैल मागेल. कारण डांगी जनावराच्या कातडीतून एक तेलकट द्रव पाझरतो व पावसापासून त्याचा बचाव होतो. दोन्ही बैल उत्तमच. पण एकाचे उत्तमपण दुसऱ्याच्या शेतात फारसे कामास येत नाही.

हाच चतुर शेतकरी स्मार्टफोनच्या दुकानात शिरला की मात्र गोंधळतो. काचेच्या कपाटात एकसारखे दिसणारे शंभर फोन मांडलेले असतात, प्रत्येकाखाली आकड्यांची रांग असते, आणि तो विचारतो, "यातला चांगला कोणता?" या प्रश्नाला प्रामाणिक दुकानदारापाशीही उत्तर नसते. आपले काम काय, हे गिऱ्हाइकाने सांगितल्यावाचून त्या आकड्यांना अर्थ येत नाही.

फोन ही वस्तू तशी फार जुनी नव्हे. 3 एप्रिल 1973 रोजी मार्टिन कूपर या अभियंत्याने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून हातातील बिनतारी फोनवरून पहिले संभाषण केले. भारतात पहिला मोबाईल संवाद 31 जुलै 1995 रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान झाला. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. 2007 साली आयफोन आणि 2008 साली अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा पहिला फोन बाजारात आला, आणि तेव्हापासून बोलणे हे फोनच्या अनेक कामांपैकी केवळ एक काम उरले. आज तोच छायाचित्रक, तोच नकाशा, तोच बटवा, तोच रेडिओ. एका वस्तूत इतक्या वस्तू कोंबल्या म्हणजे निवड अवघड होणारच!

जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापला जातो तो कॅमेऱ्याचा आकडा. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख बिंदू. जितके बिंदू अधिक तितके चित्र सुरेख, असा सामान्य समज आहे व तो बव्हंशी चुकीचा आहे. चित्र उमटते ते प्रकाशामुळे. पावसाचे पाणी धरण्यासाठी अंगणातील ठरावीक जागेत बारा घमेली मांडली किंवा तेवढ्याच जागेत पन्नास वाट्या मांडल्या, तरी एकूण पाणी सुमारे तेवढेच जमणार. मात्र प्रत्येक वाटीत घोटभरच पडेल. फोनच्या संवेदक पट्टीचे असेच आहे. पट्टी लहान ठेवून बिंदूंची संख्या वाढविली, तर प्रत्येक बिंदूच्या वाट्यास प्रकाश थोडा येतो आणि तिन्हीसांजेस काढलेले चित्र रवाळ व धूसर दिसते. म्हणूनच 50 मेगापिक्सेलचा कॅमेरा बहुधा शेजारशेजारचे चार बिंदू एकत्र करून सुमारे साडेबारा मेगापिक्सेलचेच चित्र देतो. शिवाय ते चित्र पाहावयाचे कोठे? 1080 गुणिले 1920 बिंदूंच्या पडद्यावर अवघे वीस लाखांच्या आसपास बिंदू मावतात. तेव्हा आकड्यापेक्षा संवेदक पट्टी केवढी आहे, हात हलला तरी भिंग स्थिर राखण्याची सोय आहे की नाही, हे विचारणे शहाणपणाचे. स्वस्त फोनच्या पाठीवर तीन-तीन, चार-चार भिंगे दिसतात. त्यांतील एखाददुसरे पुष्कळदा केवळ शोभेचे असते.

बॅटरीची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. कारण ती संपली की बाकीचे सर्व गुण संपतात. आजच्या फोनमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. ती 1991 साली प्रथम बाजारात आली, आणि तिच्या शोधाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना 2019 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिची धारणशक्ती मिलिअँपिअर-तासांत मोजतात. 5000 मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे 19 वॅट-तास ऊर्जा मावते. म्हणजे 9 वॅटचा एक दिवा तेवढ्यावर दोन तास जळेल. चार्जरमध्ये थोडी वीज वाया जाते हे धरले, तरी रोज फोन भरण्यास महिन्याला एक युनिटही लागत नाही. खरा खर्च विजेचा नसून बॅटरीच्या आयुष्याचा आहे. काही शे वेळा भरून रिकामी झाली की तिची धारणशक्ती घटू लागते, आणि उष्णतेने ही झीज अधिक वेगाने होते. भोवतालचे तापमान 35 अंशांच्या आत असतानाच फोन वापरावा, असे काही नामांकित कारखानदार आपल्या पुस्तिकेत लिहितात. वैशाखात नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांच्या घरात जातो! तेथे उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत फोन ठेवणे म्हणजे त्याचे आयुष्य स्वतःच्या हाताने कमी करणे होय.

स्मृती दोन प्रकारची असते, आणि दुकानात या दोहोंची नेहमी गल्लत होते. 'रॅम' ही स्वयंपाकघरातील ओट्यासारखी. एका वेळी किती कामे पसरून करता येतील ते तिच्यावर ठरते. दुसरी साठवणीची, फडताळासारखी. छायाचित्रे, पुस्तके, गाणी तीत राहतात. खोक्यावर 128 जीबी लिहिलेले असले तरी त्यातील काही जागा फोनची स्वतःची प्रणाली आधीच व्यापून बसते. पडद्याविषयी फार विस्तार नको. ज्याचे काम उन्हात चालते त्याने झळाळी किती ते पाहावे, आणि दुकानाबाहेर येऊन प्रत्यक्ष उन्हात फोन धरून पाहावा, एवढे पुरे.

एक गुण मात्र असा आहे की तो काचेआडून दिसत नाही. फोनच्या प्रणालीतील उणिवा चोरट्यांच्या ध्यानी येत राहतात व कारखानदार त्या वेळोवेळी बुजवीत राहतो. हे काम तो किती वर्षे करणार? गूगलने 2023 साली व सॅमसंगने 2024 साली आपल्या काही उंची फोनांसाठी सात वर्षांचे वचन दिले; स्वस्त फोनांच्या बाबतीत ही मुदत पुष्कळदा दोन-चार वर्षांचीच असते. मुदत संपलेला फोन बंद पडत नाही, पण त्यावरून बँकेचे व्यवहार करणे म्हणजे कडी मोडलेल्या दाराशी निजणे होय. दुकानातील शंभर गिऱ्हाइकांत हा प्रश्न विचारणारा एखादाच निघतो.

आता माणसाकडून फोनकडे जाऊन पाहावे. निफाडकडील द्राक्षबागाईतदार घ्या. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की केवड्याचे भय असते. पानाच्या वरच्या अंगास तेलकट पिवळसर डाग आणि खालच्या अंगास पांढरी बुरशी दिसली की तिचे छायाचित्र त्वरित सल्लागाराकडे जावे लागते. एका दिवसाच्या विलंबाने बाग हातची जाते. या माणसास जवळची वस्तू स्पष्ट टिपणारा कॅमेरा हवा, उन्हात वाचता येणारा पडदा हवा, आणि धूळ व फवारा यांना दाद न देणारी बांधणी हवी. फोनवर 'आयपी 67' असा निर्देश असेल तर धूळ आत शिरत नाही व एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास पडूनही बिघाड होत नाही, असे समजावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्या बागेत लहरी पोहोचल्या पाहिजेत. कमी कंपनसंख्येच्या रेडिओलहरी दूरवर जातात व भिंतींतूनही शिरतात; अधिक कंपनसंख्येच्या लहरी पुष्कळ माहिती वाहतात, पण लवकर क्षीण होतात. भारतात 1 ऑक्टोबर 2022 पासून पाचव्या पिढीची सेवा सुरू झाली खरी. परंतु डोंगराआडच्या वस्तीत ज्या कंपनीचा मनोरा जवळ आहे तिचे पट्टे आपल्या फोनला उमगतात की नाही, हे आधी पाहावे लागते.

अंध व्यक्तीस पडद्याच्या रंगांशी कर्तव्य नाही. तिच्या बोटाखाली जे अक्षर येईल ते फोनने बोलून दाखविले पाहिजे. अँड्रॉइडमध्ये 'टॉकबॅक' व आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' ही सोय असते; तिचा वेग, आवाजाची स्पष्टता आणि बटणे बोटांना चटकन सापडतात की नाही, यावर अशा व्यक्तीची निवड ठरते. आणि घरातील आजीस केवळ मुलाबाळांशी बोलावयाचे असेल, तर मोठ्या बटणांचा साधा फोनच तिला सुखाचा वाटेल. साध्या फोनवरूनही पैसे देता यावेत म्हणून रिझर्व्ह बँकेने मार्च 2022 मध्ये 'यूपीआय 123 पे' ही सोय सुरू केली. आजीच्या हाती बळेच स्मार्टफोन देणे ही नातवंडांची हौस झाली, आजीची गरज नव्हे.

सर्वांत कठीण निवड असते ती एका फोनवर अनेकांचा भार असलेल्या घराची. असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. वडील रिक्षा चालवितात, आई शिवणकाम करते, मुलगा आठवीत शिकतो. 2020 साली शाळा बंद झाल्या तेव्हा घरातील एकमेव फोन सकाळी रिक्षाबरोबर जावा की मुलाच्या वर्गासाठी घरी राहावा, यावरून रोज ताणाताण होई; फोन घरी राहिला त्या दिवशी भाडी बुडत. तो फोन आता दुपारीच मान टाकतो. गाठीशी बारा हजार रुपये जमले आहेत. दुकानात दोन फोन पुढे येतात. पहिल्याच्या पाठीवर चार भिंगे, 108 मेगापिक्सेलचा कॅमेरा, पडद्याची हालचाल विलक्षण सफाईदार. पण साठवण 64 जीबी, आणि सुरक्षेची मुदत वर्षभराने संपणारी. दुसरा दिसावयास साधा; साठवण 128 जीबी, बॅटरी भक्कम, मुदत आणखी चार वर्षांची. मुलाचे डोळे पहिल्यावर खिळतात, आणि त्यात त्याचा दोष काढता येणार नाही. तो फोन खरोखरच सुंदर आहे. आई विचारते, "ब्लाउजांच्या नमुन्यांची चित्रं वर्षभर यात राहतील का?" वडील विचारतात, "रात्री दहापर्यंत चालेल का?" हिशेबही सोपा आहे. बारा हजारांचा फोन एक वर्ष निर्धास्तपणे वापरता आला तर वर्षाला बारा हजार पडले. चार वर्षे वापरता आला तर तीन हजार. घर दुसरा फोन निवडते. मुलाचा हिरमोड होतो. तथापि दुकानदार जाता जाता एक गोष्ट सुचवितो, ती कोणाच्याच ध्यानी आलेली नसते. जुन्या फोनची केवळ बॅटरी थकली आहे. थोडक्या पैशांत नवी बसविली तर तो घरी अभ्यासापुरता सहज चालेल. बँकेचा व्यवहार तेवढा त्यावर ठेवू नये. अशा रीतीने दोन फोन होतात आणि सकाळची ताणाताण मिटते.

'विनाव्याज हप्ता' या शब्दांचा मोह अशा घरांना फार पडतो. त्यात प्रक्रियाशुल्क किती, रोख घेतल्यास मिळणारी सवलत बुडते काय, आणि एक हप्ता चुकला तर दंड किती, या तीन गोष्टी लेखी विचारल्यावाचून सही करू नये.

फोन ठरला म्हणजे पैसे देण्यापूर्वी त्याची ओळख पटवून घ्यावी लागते. प्रत्येक फोनला 'आयएमईआय' नावाचा पंधरा अंकी क्रमांक असतो. फोनवर तारांकित खूण, चौकट, शून्य, सहा व पुन्हा चौकट ही बटणे क्रमाने दाबली की तो दिसतो. खोक्यावरचा व पावतीवरचा क्रमांक तोच असला पाहिजे. हातचा, म्हणजे कोणी वापरलेला फोन घेताना तर हे अगत्याचे आहे. 'केवायएम' ही रोमन अक्षरे, मग मोकळी जागा व पुढे तो क्रमांक असा संदेश 14422 या क्रमांकावर पाठविला असता त्या फोनची माहिती कळते, आणि चोरीचा माल गळ्यात पडण्याचा धोका टळतो. पावती मात्र पक्की घ्यावी. वस्तू सदोष निघाली व दुकानदाराने कानांवर हात ठेवले, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दाद मागता येते. 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यसेवाही आहे. पावती नसेल तर तेथे सांगणार काय?

नवा फोन घरी आला की जुना बहुधा कपाटाच्या तळाशी जातो. त्यातील संपर्क, छायाचित्रे व बँकेच्या खुणा आधी पुसून टाकाव्या लागतात. त्याची बॅटरी फुगली असेल तर तो फोन कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. दाबली वा भोसकली गेल्यास ती पेट घेते. अशा वस्तू ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्याव्या. फुगलेली नसेल आणि फोनमध्ये रेडिओची सोय असेल, तर तारेचे श्रवणक लावून तो आजीच्या उशाशी ठेवता येतो. ती तारच आकाशवाणीच्या लहरी धरते, आणि पहाटेची भक्तिगीते इंटरनेटवाचून ऐकू येतात.