परताव्याचे दप्तर

१ एप्रिल २०२६ रोजी नवा आयकर कायदा अमलात आला आणि १९६१ सालचा जुना कायदा, पुरी चौसष्ट वर्षे या देशाच्या नोकरदारांवर, व्यापाऱ्यांवर आणि ठेवीदारांवर अंमल गाजवून, इतिहासजमा झाला. त्याच्या निरोपाप्रीत्यर्थ पुष्कळ लिहिले गेले. कलमे किती वाढली होती, भाषा किती क्लिष्ट झाली होती, नव्या कायद्याने ती कशी सुबोध केली, हे सारे सांगून झाले. ज्या प्रकरणाशी माझा आयुष्यभर संबंध आला, त्या परताव्याच्या प्रकरणाबद्दल मात्र फारसे कोणी बोलले नाही. वास्तविक नव्या विधेयकाचा जो पहिला मसुदा फेब्रुवारी २०२५ मध्ये लोकसभेत आला, त्यात विवरणपत्र मुदतीत न भरणाऱ्याचा परतावाच नाकारणारी तरतूद होती. ज्याचे उत्पन्न करपात्र नाही, परंतु ज्याच्या ठेवीच्या व्याजातून बँकेने कर कापून घेतला आहे, अशा वृद्धाने आजारपणामुळे तारीख चुकवली, तर त्याचे स्वतःचे पैसे सरकारजमा व्हावेत, असा त्या तरतुदीचा अर्थ होता. प्रवर समितीने ती काढून टाकण्याची शिफारस केली आणि ऑगस्टमध्ये संमत झालेल्या कायद्यात ती राहिली नाही, हे खरे. तथापि असे कलम लिहावेसे कोणाला तरी वाटले, ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे.

आरंभीच्या काळाविषयी सांगण्यासारखे थोडे आहे. १९६१ च्या कायद्यानंतरची तीसएक वर्षे परतावा हा व्यापारी पेढ्यांचा, मोठ्या पगारदारांचा आणि त्यांच्या सल्लागारांचा विषय होता. सामान्य गृहस्थाला त्याची झळ पोचत नव्हती. ती पोचली १ जुलै १९९५ पासून, जेव्हा बँकांच्या मुदत ठेवींच्या व्याजावर उगमस्थानी करकपात सुरू झाली आणि निवृत्त शिक्षक, गिरणीतून बाहेर पडलेला कामगार, पतीच्या विम्याच्या रकमेवर गुजराण करणारी विधवा, हे सगळे एकाएकी सरकारचे धनको बनले. पंधरा-एच क्रमांकाचा नमुना वेळेवर भरून दिला तर कपात टळे. पण तो नमुना भरायचा असतो हे ठाऊक असणारे मोजकेच असत, आणि बाकीच्यांना वर्षअखेरीस कापलेला कर परत मागण्यासाठी आयकर कचेरीचा जिना चढावा लागे.

त्या कचेरीचे गुणगान मला करावयाचे नाही. धुळीने माखलेली दप्तरे, महिनोन्‌महिने न हलणारे अर्ज आणि काही मेजांवर उघडपणे व्यक्त होणारी चहापाण्याची अपेक्षा मी डोळ्यांनी पाहिली आहे. परंतु तेथे एक नोंदवही होती, तिच्यात अर्जदाराच्या नावापुढे काय शेरा आहे हे पाहून सांगणारा एक कारकून होता, आणि त्याच्यावर ज्याची स्वाक्षरी चाले असा एक अंमलदार आतल्या खोलीत बसलेला असे. त्याच्यापुढे उभे राहून ‘माझे पैसे का अडले?’ असे विचारता येई. उत्तर समाधानकारक मिळेलच असे नसे. पण उत्तर देण्याचे उत्तरदायित्व कोणाचे, हे दोन्ही पक्षांना माहीत असे.

माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा गाभा २००५ ते २०१५ या दहा वर्षांत आहे. १२ ऑक्टोबर २००५ रोजी केंद्राचा माहिती अधिकार कायदा लागू झाला. महाराष्ट्रात त्याआधीच राज्याचा असा कायदा झालेला असल्यामुळे इकडची मंडळी या हत्याराला सरावलेली होती. दहा रुपयांचे शुल्क भरून ‘माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणी काय कारवाई केली, ते कळवावे’ असे विचारले, की जे प्रकरण वर्षभर तगादा लावूनही हलत नसे, त्याचा धनादेश काही आठवड्यांत घरी येई. निवृत्तांच्या आमच्या मंडळात असे कित्येक अर्ज मी लिहून दिले आणि त्या काळात राज्यकर्त्यांविषयी एक प्रकारचा विश्वास मला वाटू लागला होता, हे आज नमूद केले पाहिजे. २००७ पासून स्टेट बँकेमार्फत धनादेश थेट घरी पाठविण्याची योजना निवडक शहरांतून सुरू झाली, २००९ मध्ये बंगळुरू येथे केंद्रीय प्रक्रिया केंद्र स्थापन झाले, आणि विवरणपत्र संगणकावरून भरण्याचा प्रघात पडला.

येथूनच वाटा फुटल्या. भरलेल्या विवरणपत्राची एकपानी पोच स्वाक्षरी करून बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतील टपालपेटी क्रमांक एकवर पाठवावी लागे, आणि तीही साध्या टपालाने वा स्पीड पोस्टाने. कुरिअर चालत नसे. १२० दिवसांत ती पोचली नाही तर विवरणपत्र भरलेच नाही असे धरले जाई. साध्या टपालाने पाठवलेल्या कागदाची पोच अर्जदाराने कोठून आणावी? एप्रिल २०१० पासून पॅन नसलेल्या ठेवीदाराचा कर २० टक्क्यांनी कापला जाऊ लागला आणि ज्या स्त्रियांनी आयुष्यात कधी आयकराचे नाव घेतले नव्हते, त्यांच्या व्याजाचा पाचवा हिस्सा आधी गेला व तो परत मिळविण्यासाठी पॅन काढण्यापासून सुरुवात करावी लागली. बँकेने कर कापला पण सरकारी तक्त्यात त्याची नोंद चुकीची केली, तर परतावा अडे ठेवीदाराचा. कापलेल्या कराबद्दल पुन्हा करदात्याकडे मागणी करता येत नाही, असे कलम २०५ स्पष्ट सांगत असतानाही हे राजरोस चालले होते.

परंतु त्या दशकातील सर्वांत मोठा अन्याय जुन्या येण्यांचा होता, आणि त्याचा हिशेब चुकता झाला असे मी आजही मानीत नाही. विभागीय कचेऱ्यांच्या वसुलीच्या नोंदवह्या संगणकावर चढविताना, जे कर केव्हाच भरले गेले होते, ज्या चुका अर्ज करून दुरुस्त झाल्या होत्या, त्याही रकमा ‘येणे’ म्हणून चढविल्या गेल्या. आणि नव्या वर्षाचा परतावा देय झाला की तो त्या काल्पनिक येण्यात परस्पर वळता होऊ लागला. कलम २४५ प्रमाणे अशा वळतीपूर्वी लेखी सूचना द्यावयास हवी होती. बंगळुरूचे केंद्र म्हणे, येणे तुमच्या कचेरीचे आहे, तेथे विचारा. कचेरी म्हणे, परतावा बंगळुरूने धरला आहे, आमच्या हाती काही नाही. पंधरा वर्षांपूर्वीचे चलन शोधत माळ्यावरच्या ट्रंका उघडणारे सत्तरीतले गृहस्थ मी पाहिले आहेत. अखेर एका सनदी लेखापालाच्या पत्राची दखल घेऊन दिल्ली उच्च न्यायालयाने १४ मार्च २०१३ रोजी निर्णय दिला आणि पूर्वसूचना व उत्तराची संधी दिल्यावाचून अशी वळती करू नये, दुरुस्तीचे अर्ज नोंदवून निकालात काढावेत, असे हुकूम केले. तो निर्णय मी त्या काळी अक्षरशः उराशी बाळगला होता. ज्यांचे पैसे त्याआधीच वळते झाले होते, त्यांतील अनेकांनी मात्र प्रकृतीच्या आणि वयाच्या कारणाने तो नाद सोडून दिला होता.

व्याजाची विषमता त्याहून जुनी आहे. करदात्याने कर थकविला तर त्याला दरमहा एक टक्का व्याज पडते. सरकारने त्याचे पैसे अडकवून ठेवले तर त्याला मिळतो दरमहा अर्धा टक्का, आणि परतावा एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर तोही नाही. पुण्याच्या सँडविक एशिया या कंपनीला देय असलेले व्याज बारा ते सतरा वर्षे रखडले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००६ मध्ये या दिरंगाईबद्दल भरपाई देवविली होती. त्या निर्णयातून एक व्यापक तत्त्व आकाराला येईल अशी आशा आम्ही धरली होती. २०१३ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने कायद्यात सांगितले आहे तेवढेच व्याज, असे स्पष्ट करून ती आशा मिटविली.

नंतरची वर्षे सुधारणेची होती, हे मान्य करणे न्यायाचे होईल. १ मार्च २०१९ पासून परतावा केवळ पॅनशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होऊ लागला, धनादेश हरवणे थांबले, आणि साध्यासरळ विवरणपत्राचे पैसे काही दिवसांत, क्वचित काही तासांत, मिळू लागले. ज्याचे सर्व तपशील जुळतात त्याला आजच्याइतका सुखाचा काळ कधीच नव्हता. प्रश्न उरतो तो न जुळणाऱ्याचा. जून २०२१ मध्ये नवे संकेतस्थळ आले. तेथे आपला अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे हे दिसते, परंतु तो तेथे का थांबला हे कळत नाही. तक्रार नोंदवावी, तर ठराविक मजकुराचे उत्तर येऊन ती निकाली निघते. मनुष्याचे तोंड न पाहता कारभार चालावा म्हणजे लाचलुचपत संपेल, हा हेतू सद्भावाचा आहे; पण त्यासोबत कारण विचारण्याची जागाही संपावी, हे मला कदापि मान्य नाही.

हीच अवस्था गावोगावच्या शेतकऱ्याची आहे. पूर्वी पंचनामा होई, मदतीची यादी चावडीवर लागे, आणि नाव गाळले गेले असेल तर तलाठ्याला चारचौघांत जाब विचारता येई. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. पण ई-केवायसी, मदतीच्या यादीतील विशिष्ट क्रमांक आणि आधारशी जोडलेले खाते या तिन्हींची सांगड बसेपर्यंत अनेक शेतकऱ्यांच्या हाती काही पडले नाही. पैसे आधारशी शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यात जातात, आणि ते खाते कोणत्या बँकेतले, हे अनेकांना सेतू केंद्रावर जाऊन विचारावे लागते. तहसीलला विचारले तर यादी वर गेली, बँकेला विचारले तर रक्कम आली नाही. बंगळुरू आणि विभागीय कचेरी यांच्यामध्ये आम्ही जे हेलपाटे घातले, तेच त्यांच्या वाट्याला आले आहेत.

आमच्या मंडळातील एका वृद्ध भगिनीचे प्रकरण सध्या माझ्या टेबलावर आहे. यजमान गेले, त्यांचे विवरणपत्र तिने वारस म्हणून भरले, परतावा मंजूर झाला. पण ज्या संयुक्त खात्यात तो यावयाचा, त्यावर आता केवळ तिचे नाव राहिले असल्यामुळे ते यजमानांच्या पॅनशी जुळत नाही आणि रक्कम परत गेली आहे. मृत्यूचा दाखला, वारसाचे प्रतिज्ञापत्र, बँकेचे पत्र, सर्व दस्तऐवज सादर झाले आहेत. नवा कायदा अमलात आला असला तरी तिचे प्रकरण जुन्याच कायद्याखाली चालणार आहे. येत्या आठवड्यात आम्ही विभागाच्या अंमलदाराच्या नावे लेखी अर्ज करीत आहोत, आणि तो कोणाच्या हाती पडला त्याची सही-शिक्क्यानिशी पोच मागणार आहोत.